रकाना

गेटवरच्या रजिस्टरात दोनच रकाने:
मोबाईल. कॅमेरा.
मोबाईलला पिवळा बिल्ला, कॅमेऱ्याला लाल,
आणि अंबडच्या या कंपनीत
दोन्ही आत जात नाहीत.

डोळस मॅडमनी पर्समधून काढलं ते
पुढून कॅमेरा होतं. भिंग, फ्लॅश, वर बटण.
पाठ फिरवली तर मोबाईल:
काचेवर घड्याळ, चित्रांच्या चौकटी,
नाशिक, अकरा अंश.
"याला काय लिहू?"
"कॅमेराच आहे हो. आत फक्त डोकं मोबाईलचं."
"मग फोन लागतो?"
"नाही लागत."
"गजर?"
"तो लागतो," म्हणाल्या, आणि हसल्या.
मी दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिलं
आणि लाल बिल्ला दिला.

संध्याकाळी कंपनीच्या गाडीनं
त्या मागच्या गेटानं गेल्या, बिल्ला पर्समध्येच.
आडनाव डोळस.
होतं असं.

त्या दिवशी माझी डबल ड्युटी.
पहाटे चार पन्नासला ड्रॉवर वाजायला लागला.
उघडला तर काचेवर दोनच शब्द:
ऊठ गं.
बाई, मी उठलेलाच आहे.
आठ वर्षं झाली, या वेळेला उठलेलाच असतो.

दुसऱ्या रात्री तो विझत आला होता.
माझ्याच मोबाईलची पिन त्याला बसली.
बसली म्हणून लावली, एवढंच.

कुलूप होतं त्याला, नऊ ठिपक्यांचं.
पण कोपऱ्यात एक छोटं चित्र, ते मात्र सगळ्यांना मोकळं:
फोटो काढा, हवे तितके,
आधीचे बघायचे नाहीत.
कुणाच्या दारात उभं राहून
आत न डोकावता निरोप ठेवावा, तसं.

मग मी काढले.
वजनकाट्यावर झोपलेला काळ्या,
वर लाल आकड्यात वीस किलो.
शेकोटी. शेकोटीत जळणारं पुठ्ठ्याचं खोकं,
त्यावरचा बाण: ही बाजू वर.
एक गोष्ट हळूहळू कळली,
की बटणाभोवतीची कडी फिरवली
तर भिंग कासवासारखी मान काढतं,
आणि पांडवलेणीचा डोंगर
हायवे ओलांडून गेटापाशी येतो.
पायऱ्यांवर कुणाची तरी बॅटरी चढत होती.

तिथून थोडं उजवीकडे वळवलं.
चुंचाळ्याची घरकुलं, सगळी अंधारात,
चौथ्या मजल्यावर एकच खिडकी पिवळी.
मोजून बघितली. डावीकडून तिसरी.
परत मोजली.

पाच वाजायला दहा कमी.
नळ सहाला येतो.
पोराची शाळा साडेसातची.
चित्रा त्या खिडकीत उभी होती की तो पडदा होता,
सांगता येणार नाही, हात हलत होता माझा.
घरी गेलो की ती म्हणते, छान झोप लागली.
आठ वर्षं म्हणते.

बटण दाबलं.
काच एकदा मिटली, उघडली,
आणि फोटो आत गेला, ठिपक्यांच्या पलीकडे,
जिथं मला परवानगी नाही.

अकराव्या दिवशी मॅडम आल्या. लाल बिल्ला, माफी, चिक्कीचा डबा.
तिथंच उभ्या राहून बोटानं सरकवत गेल्या,
काळ्यावर हसल्या,
मग थांबल्या.
"ही खिडकी कुणाची?"
गेटवर ट्रक हॉर्न देत होता.
"आमची असावी," म्हणालो, आणि दांडा वर करायला गेलो.
"पाठवते तुम्हाला. वाय-फाय आहे ना इथं?"
"आहे. आम्हाला नाही."
त्यांनी नंबर कागदावर लिहून घेतला.

रजिस्टरात सही झाली: वस्तू परत.
रेघेवरच.

चित्राला अजून विचारलं नाही.
फोटो आला की दाखवीन म्हणतो,
आणि न आला तरी चालेल, असंही म्हणतो.
आता चार पन्नासला ड्रॉवर वाजत नाही,
मी आपणहून बाहेर येतो.
नुसत्या डोळ्यांना तिकडे
थोडा पिवळा डाग दिसतो, किंवा दिसत नाही.
काळ्या काट्यावर कूस बदलतो.
आकडा हलत नाही.