दोर कापायचा नाही

सर्जेकोटच्या जेटीवर
जानू खवणेकरचा विंच अडला.
नांगराचा दोर निम्मा वर आलेला,
आणि कप्पीच्या तोंडाशी एक गाठ.
गाठ नव्हे, कालवांचा घोस,
चार महिने खाडीत पडून राहिल्याचं भाडं.
खलाशी पोरगा कोयता घेऊन धावला.
जानू जागचा हलला नाही.
"दोर कापू नको रे. दोर गेलो की सगळा गेला."

मी नमुने घ्यायला गेले होते.
पिशवीत बांगडे, पेडवे, एक मोडोसा,
आणि पट्टीची डबी:
मासा फॉर्मेलिनमध्ये बुडवला असेल तर पट्टी रंगते.
माझ्या हातांना त्याचाच वास आहे, वीस वर्षांचा,
लिंबू चोळून जात नाही.
लॅबच्या फडताळात बरणीतला मासा
कुजत नाही,
कारण त्याच्यातलं सगळं सगळ्याला चिकटलेलं आहे.
कुजत नाही, आणि हलतही नाही.

तेच द्रव्य, नखभर,
आपल्या पेशीपेशीत रोज तयार होतं.
कुणी ओतावं लागत नाही.
डीएनएच्या दोरावर ये-जा करणारं एखादं प्रथिन
पाय उचलायच्या आत
तिथेच रुतून बसतं.
काही तर मदतीलाच आलेली असतात.
पीळ फार बसला की
एक पदर सोडवायचा, पीळ उतरवायचा,
टोकाला टोक पुन्हा सांधायचं,
आणि टोक हातात असतानाच अडकायचं.
सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात.
इथे पीळ काढायला आलेलाच जात नाही.

आणि मागून नक्कल करणारं यंत्र येतंय
दोर उलगडत,
त्याला माहीत नाही पुढे कोण बसलंय.

जानूने कमरेची सुरी काढली.
एकेक शिंप फोडली, पाण्यात टाकली.
घाई नाही, शिवी नाही.
दोराला चिकटलेलं बूड तेवढं राहू दिलं.
"आता ओढ. हळू."
कप्पी कुरकुरली,
बुडावरून अडखळली, गेली.
दोराचे चार तंतू विस्कटले,
ते तसेच विस्कटलेले राहिले.

पेशीतही अशी एक सुरी आहे.
यंत्र अडल्याशिवाय म्यानाबाहेर येत नाही.
प्रथिन कुरतडते, चिमूटभर बूड ठेवते,
वरून कुणीतरी चुकतमाकत पार जातं.
काम झालं की ती
स्वतःचंच पातं मोडून टाकते,
कारण दोराजवळ उघडी सुरी
फार वेळ परवडत नाही.

मोरूची सुरी बोथट होती.
माझा धाकटा भाऊ.
चौदाव्या वर्षी केस पांढरे,
मग डोळ्यांत मोतीबिंदू,
शाळेत पोरं त्याला आजोबा म्हणायची
आणि तोही ओ द्यायचा.
देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवले,
कुणाची दृष्ट म्हणून मिरच्या जाळल्या.
सतराव्या वर्षी यकृतात गाठ.
तो गेल्यावर सहा वर्षांनी
पुण्याहून एक कागद आला:
एका अक्षराच्या जागी दुसरं,
आईकडूनही तेच, बाबांकडूनही तेच.
त्या दोघांना कधी काही झालं नव्हतं.
आईने कागद उलटा करून
मागची कोरी बाजू बराच वेळ पाहिली.

पोरग्याने दोराची वेटोळी घातली,
विस्कटलेला भाग आत दडवून.
मी पट्टी बांगड्यावर टेकवली.
जानू डोकावला.
"मासो बरो आसा मा, बाय?"
पट्टी पांढरीच.
"बरो आसा."
मग मीच विचारलं, ता बूड रवला, ताचा काय?
त्याने सुरी लुंगीला पुसली,
खाडीच्या पाण्याकडे पाहिलं, पाणी चढत होतं.
"ता सुकतीक बघूया."