बू दीर्घ

शनिवार. सकाळची शाळा. सहावी ब, उचगाव.
वहीत गोष्ट, गोष्टीखाली भरमाण्णाचं नाव.
बाई वाचू लागल्या मोठ्यांदा:

"एक राक्षस होता सर्दीचा. तो एकदा
शिंकला की ओ! राकसकोपचं धरण
भरून सांडलं हिरवंगार. त्याच्यावरनं
घसरत गेली येळ्ळूरची बस,
कंडक्टर बोंबलतोय, 'ड्रायव्हर, बस! बस!'
खिडकीतल्या म्हाताऱ्यानं बोट बुडवून चाखलं,
म्हणाला, 'मीठ बरोबर पडलंय...'"

"शी!" बाई थांबल्या. ओठ गच्च.
मागच्या बाकावर कल्लाप्पानं हसू दाबलं वरनं,
ते निघालं खालनं.

शेजारच्या वर्गातनं कन्नडचे सर डोकावले:
"एनायितरी?"
"सिंबळ, सर!" आम्ही सगळे एका सुरात.
सर गंभीर. फक्त मिशीचं एक टोक
जरा हललं.
ते बघून बाई फुटल्याच, आणि त्यांच्या
डाव्या नाकपुडीतनं एक फुगा
आला,
उन्हात चमकला,
गेला.

वर्ग गप्प. गाभाऱ्यासारखा.

बाईंनी आधी रुमाल काढला, मग लाल पेन.
भरमाण्णानं ती वही अजून जपलीय.
गोष्टीखाली गोलगोल अक्षर:
"शेंबूड. बू दीर्घ. दहा वेळा लिही.
आणि त्या म्हाताऱ्याचं
पुढं काय झालं?"