बारी

निझव्याच्या शाळेत पहिली-ब ची चौतीस मुलं
आणि व्हरांड्यात गार पाण्याचा एकच नळ.
मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
मधली सुट्टी झाली की
चौतीस बाटल्या एकदम धावतात
आणि नळाखाली पोहोचतात
नेहमीच्याच पाच.

पुस्तकात धडा होता, ‘आपले नियम’.
हसरा पोलीस, हिरवा दिवा,
रिकाम्या जागा भरा.
मुलांनी भरल्या. सुवाच्य.
मग घंटा झाली, आणि इवानने
मिन्हाच्या पावलावर बूट देऊन
नळ गाठला.

मी पुस्तक मिटलं.
वाळूच्या खड्ड्यात बोटाने पाट ओढला,
म्हटलं, काठाने आपापली बाग लावा.
कुणी खजुराची बी लावली, कुणी खडूचा तुकडा.
वरून बादली ओतली.
पहिल्याने बांध घातला,
दुसऱ्याने तो लाथेने फोडला,
तिसरी म्हणाली, वाळू माझ्या बाजूची आहे.
शेवटच्या टोकाला मिन्हा,
तिच्या बागेत तीन बिया आणि एक बटण.
पाणी आलंच नाही.
ती रडली नाही.
थोड्या वेळाने बटण तेवढं काढून
खिशात टाकलं तिने.

“मिस, तुम्हीच सांगा ना, कुणी किती घ्यायचं.”
जिभेवर आलेलं मी गिळलं.

गुरुवारी बसने सगळ्यांना फलजवर नेलं.
डोंगराच्या पोटातून आलेला अरुंद दगडी पाट,
पाणी इतकं नितळ की मासे हवेत पोहतायत असं वाटावं.
खलफान बाबा तिथे पाण्याचा हिशेब ठेवतात.
मोकळ्या जागेत रोवलेली काठी,
तिच्या सावलीच्या वाटेवर मांडलेले दगड.
सावली दगडाला टेकली
की चिंध्यांचा बोळा या तोंडातून काढून त्या तोंडात.
एवढंच.

ओजसने विचारलं, तुमची बाग कुठली?
बाबांनी दाखवली. झावळ्यांची टोकं करपलेली.
“मग आत्ताच घ्या की! बोळा तुमच्याच हातात आहे.”
ड्रायव्हर कुन्हीमोनने ते अरबीत नेलं, उत्तर हिंदीत आणलं:
काठीला विचार.
“आणि रात्री?”
रात्री तारे.
“आणि ढग आले तर?”
बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.
मग शेजाऱ्याच्या शब्दावर, म्हणाले.

मला आमचा पांझरेकाठचा फड आठवला,
खांद्यावर फावडं टाकून बांधाने जाणारा पाटकरी.
सख्ख्या भावालाही तो म्हणायचा, तुझी बारी पहाटे.
मुलांना तो शब्द फार आवडला.
परतताना अख्खी बस, मल्याळी, तमिळ, उर्दू घरांतली,
खिडक्या वाजवत ओरडत होती: बारी! बारी!

रविवारी त्यांनी फळ्यावर नियम लिहवून घेतले.
बाटली ठेवली म्हणजे माणूस आला असं नाही.
शूला गेलेल्याची बारी थांबेल.
उलटी होतेय त्याला आधी.
आणि सगळ्यात मोठ्या आवाजात, इवानचा:
ढकलणारा शेवटी.
मंगळवारपर्यंत इवानच दोनदा शेवटी होता.
तिसऱ्यांदा ढकललं आणि कुणी काही बोलायच्या आत
स्वतःच चालत मागे गेला,
नाक फुगवून.

बुधवारी पालकसभा, घसा कोरडा,
मुख्याध्यापकांचा दुसरा निरोप आलेला.
मुलांच्या डोक्यांवरून हात लांबवून
मी माझी बाटली नळाखाली धरली.
व्हरांडा एकदम गप्प.
माझ्या कोपराशी मिन्हा होती.
“मिस, बारी.”

सांगण्यासारखं होतं माझ्याकडे:
मोठ्यांना कामं असतात,
निरोप आलाय, दोनच घोट.
सगळी वाक्यं तयार होती, व्याकरणशुद्ध.
अर्धी भरलेली बाटली घेऊन
मी रांगेच्या टोकाशी गेले.

तिथे इवान. त्याने वळून
आधी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि थोडं सरकून
मला सावलीत जागा करून दिली.
पुढे नाही.
मागे.