नवव्या वळणापर्यंत

सकाळी बसमध्ये योस्टने घाटाचा नकाशा टेबलावर पसरला,
कॉफीचा डाग पुसला
आणि नवव्या वळणावर पेन्सिलीने फुली मारली :
इथे फियोरेंत्सा संपते.
पुढचा डोंगर हिस्केचा.

मी मान डोलावली.
त्या फुलीच्या दोन बोटं वर माझं गाव आहे
हे मी कुणालाच बोलले नाही.

सात दिवसांत हिस्केकडे साठलेत अठरा सेकंद.
नाक शिंकरायला लागतात तेवढे.
तेवढ्यासाठी आम्ही पाच जणी
गाडीपर्यंत मागे जातो, पुन्हा पुढे येतो,
जर्सीत सहा-सहा बाटल्या कोंबून
गाभण गाईसारख्या.

डांबर वितळलंय. टायर चिकटतो, सुटतो, चिकटतो.
पाचवं वळण. बारा टक्के चढ.
मी पुढे, माझ्या पाठीआड हिस्के,
तिच्या पाठीआड ती कोलंबियाची यानेथ चपारो,
तोंड मिटून, नाकाने श्वास घेत,
जणू बाजाराला निघालीय.
म्हणजे वैरिणीलाही मीच ओढतेय की!
सातवं.
मांड्यांत कुणीतरी ओलं सिमेंट ओतलंय.
आठव्यावर तोंडाला फेस, तो पुसायलाही हात सुटेना.

नववं.
मी डावीकडे सरले.
जाताना हिस्केने माझ्या पाठीवर हात टेकवला,
आपल्यामागे दार ओढून घ्यावं
इतकाच वेळ.

मग हेलिकॉप्टर वर वर गेलं
आणि लार्चच्या झाडांत गाईंच्या घंटा ऐकू आल्या.
त्या केव्हापासून वाजत असणार.
कानातला योस्ट ओरडला, “चपारो सुटली! वीस मीटर, तीस—”
मग मध्ये कडा आला, आणि योस्टही गेला.

अकराव्या वळणावर रस्त्यावर चुना.
गोठ्याचा चुना, झाडूने ओढलेली अक्षरं
माझ्या सायकलीपेक्षा लांब :
फियोरें
आणि पुढे नुसतं डांबर.
निवेस आत्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठली.
“चुना संपला गं. तुझ्या बापाने
एवढं लांब नाव ठेवलंच कशाला?”
आणि चढावर अडलेल्या कालवडीला लावावा
तसा माझ्या कमरेला हात लावून
रबरी बुटांत धावू लागली.
“ढकलू नकोस, दंड होतो!”
“भरते मी दंड.”
दहा पावलं. बारा. पासष्ट वर्षांची बाई.
मग मागे तिची धाप,
आणि पुढे चढ तेवढाच.

वरून उतरणारी माणसं भेटू लागली,
खांद्यावर पोरं, हातात दुमडलेल्या खुर्च्या.
“चार सेकंद!” एक मुलगा म्हणाला, “फक्त चार!”
कुणाचे, ते विचारायला
श्वास शिल्लक नव्हता.

रेषा ओलांडली तेव्हा कमानीतली हवा काढत होते.
हिस्के अँब्युलन्सच्या सावलीत, डोक्यावर टॉवेल.
अशी जिंकलेलीही बसते
आणि हरलेलीही. दोघीही ओकतात.
मी शेजारी बसले.
पलीकडे कुणीतरी स्पॅनिशमध्ये
फोनवर आईला हाका मारत होतं,
हसत होतं की रडत, पण मोठ्यांदा.
तेव्हा कळलं.

चार सेकंद.
तिसऱ्या दिवशी मी बाटली उशिरा दिली होती.
काल उतारावर मी जरा जास्त ब्रेक दाबला होता.
आज अजून अर्धं वळण जर—
टॉवेलखालून हिस्के म्हणाली, “पाणी आहे?”
होतं. तळाशी, कोमट.
ती प्यायली, उरलेलं माझ्या गुडघ्यावर ओतलं.
दोघी त्या ओल्या डागाकडे बघत बसलो.

संध्याकाळी हॉटेलात कागद आला :
प्रेक्षकाची मदत घेतली, अकराव्या वळणाजवळ,
दंड पन्नास फ्रँक.
वर माझं नाव.
फियोरेंत्सा देल फाब्रो.
अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत.

तो मी आत्याला पाठवून दिला.