पट्टी काढणे

थेम्सपासून दोन गल्ल्या वर, उत्तरेच्या खिडकीशी
मॉर्वेना ट्रेगिअर एकतीस वर्षं
तेच सिंह रंगवते आहे.
अंग सोन्याचं, जिभा निळ्या, नखं निळी.
बापाचे, लेकाचे, आत्याचे, पुतण्याचे,
सिंह सगळे एकाच मापाचे.
भेद काय तो वरच्या बोटभर पट्टीत:
आडवी, पांढरी, खाली दाते,
दात पडलेल्या फणीसारखी.

थोरल्याची कोरी. तीन दाते, बस.
धाकटीच्या दात्यांवर नांगर, जहाजाचे.
नातवंडांना पाच दाते.
दुरून कळावं, की हा राजा नाही अजून;
आणि ही, कधीच नाही.

चांदी ती वापरत नाही. चांदी काळी पडते.
पांढरा लावला की चांदी समजायची, असा जुना करार.

मंगळवारी पहाटे फोन आला. म्हातारा गेला.
शुक्रवारपर्यंत नवी ढाल हवी.
तीच, फक्त पट्टी काढायची.

एकतीस वर्षं तिनं पट्टी काढली होती,
खारीच्या केसांच्या ब्रशनं, श्वास धरून.
आज पट्टी काढायची म्हणजे
तेवढ्या जागी हात आवरायचा.

फाल्मथला बापाच्या होड्यांच्या कारखान्यावर पाटी होती:
'ट्रेगिअर आणि मुलगा'.
बाप गेला त्याच आठवड्यात जेगो शिडीवर चढला
आणि 'आणि मुलगा' खरवडून काढलं.
शिडी हिनं धरली होती.
हिरवे पोपडे केसांत पडत होते.
हिचं त्या पाटीवर काही नव्हतंच,
तेव्हा खरवडायलाही नव्हतं.

चौथ्या मुलाला ढालीवर एक पक्षी देतात, बिनपायांचा.
उतरायला जमीन नसते म्हणून, असं सांगतात.
ही चौथी. मुलींच्या पक्ष्याबद्दल
पुस्तकात काही लिहिलेलं नाही.

शुक्रवारी ढाल गेली, माथा मोकळा,
तापातल्या कपाळावरची ओली पट्टी
कुणी उचलून घ्यावी तसा.
नातवंडांच्या पाचाचे तीन होतील उन्हाळ्यात,
दुधाचे दात पडावेत तसे.

धाकटीची ढाल टेबलावर होती, अर्धी ओली.
तीन नांगर. तिच्याबद्दल कुणाचा फोन नाही.
मॉर्वेनानं ती उजेडाकडे वळवली.
मधल्या नांगराचा दोर जरा जाड वाटला,
तो तेवढा बारीक केला.