पदरचं

दहावीच्या चाचणीत प्रश्न होता:
ग्लुकोजपासून पेशीला ऊर्जा कशी मिळते? गुण तीन.
संकेत तोडणकराने लिहिलं,
पेशी साखर मोडते. आधी पदरचं घालते.
पुढच्या सहा ओळी कोऱ्या.

लाल पेन उचललं आणि ठेवलं.
कारण खरंच, आधी पदरचं घालते.
सहा कार्बनांचा तो कण फोडायचा
तर दोन एटीपी अगोदर मोजावे लागतात,
मग चार हाती येतात. निव्वळ दोन.
उभादांड्याच्या बाजारात एवढ्या नफ्यावर
कुणी टोपलीसुद्धा उचलणार नाही.

बाबा उचलायचे.
काळोखात माडाच्या खाचेत अंगठा रुतवून
वर, कमरेला कोयती, पाठीशी मडकं.
बांधलेली, ठोकलेली पोय
आणि तिच्या कापल्या टोकातून
थेंब थेंब साखर.
चुना फासलेल्या मडक्यात ती गोड राहायची, आम्हा पोरांपुरती.
बाकीच्यांत उन्हं चढेस्तोवर फेस.
बाबा कान लावायचे:
"कोण जेवता ता दिसना नाय गो,
पण जेवल्याचो आवाज येता."

कोल्हापुरात शिकून आले तेव्हा मी त्या जेवणाऱ्याचं नाव सांगितलं.
यीस्ट. हवा नसली की
अर्ध्या वाटेवरच थांबतं, पायरुवेटपाशी,
आणि उरलेल्याचं मद्य करून टाकून देतं.
"आणि हय?"
त्यांनी पोटरी पुढे केली,
गाठ आलेली, माडाच्या सालीसारखी खरबरीत.

तिथेही तेच, म्हटलं. तीच वाट, तोच तिठा.
बाराव्या माडावर श्वास पुरत नाही
तेव्हा तुमची पोटरीही मडकं होते,
फक्त माडीऐवजी लॅक्टिक आम्ल करते.
"बरा झाला," बाबा म्हणाले,
"नायतर माडारच चढली असती."
आणि हसता हसता खोकले.

एक सांगायचं राहिलं होतं.
पायांनी टाकलेलं ते वाया जात नाही.
रक्तातून वाहत जातं,
काही यकृत पुन्हा साखर करून ठेवतं,
काही हृदय जाळतं.
हृदयापाशी हवा असते, तंतुकणिका खच्चून भरलेल्या असतात.
(पुस्तकात अडतीस एटीपी लिहिलेत. आता तीस-बत्तीस म्हणतात.
मुलांना मी अडतीसच शिकवते, पेपर तपासणारे दुसरे असतात.)

तीन वर्षं झाली, बाबा चढत नाहीत.
रक्तात साखर दाटून उभी,
तरीला माणसं उभी राहतात तशी, होडी नाही,
आणि पलीकडे पेशी उपाशी.
जन्मभर गोड उतरवलेल्या माणसाचा चहा बिनसाखरेचा.
डॉक्टर म्हणाले, चाला,
चालल्यावर स्नायू थोडी दारं उघडतात.
म्हणून रोज सकाळी ते सुरूच्या बनापर्यंत जातात,
वाटेतल्या प्रत्येक माडाखाली थांबून
वर बघतात,
ओठ हलतात. मोजत असावेत.

संकेतला आधी एक दिला होता.
खोडला.
दोन.