त्रिकोण

नागोयात त्या दुकानात जुने फोन
भाजीसारखे ट्रेमध्ये मांडलेले,
प्रत्येकाला पिशवी, पिशवीला चिठ्ठी,
चिठ्ठीवर खूण: गोल, त्रिकोण किंवा फुली.

गोल म्हणजे हप्ते फिटले.
फुली म्हणजे बुडवले.
त्रिकोण म्हणजे पहिला मालक अजून फेडतोय,
कुठेतरी, दरमहा,
निदान काल दुकान बंद होईपर्यंत तरी.

गोल मला परवडला नाही.
तीन वर्षं मोटारींच्या सीटकव्हरांना उलटी शिवण घातली.
पासपोर्ट मालकाच्या कपाटात, हरवू नये म्हणून.
दलालाचे दोन हप्ते राहिलेत, ते भाऊ भरतोय.
मी त्रिकोण घेतला, अठरा हजार येनला,
दुकानदाराने चिठ्ठी न काढताच दिला.

उलानबातरला उतरले.
भावाने आणलेलं कार्ड आत सरकवलं.
फोन जपानीत म्हणाला, फार अदबीने:
हे कार्ड चालणार नाही, क्षमस्व.
आमची मुकादम ओकुमुराबाई रजा नाकारायची
तसं, कमरेत किंचित वाकून.

आई म्हणाली,
तीन वर्षं परदेशात राहिलीस खाजिदमा,
आणि येताना आरसा आणलास होय?

बाजाराच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
लोकरी मोजे विकणारीच्या शेजारी
बात्सोज बसतो. त्याची पाटी:
सर्व देशांची कुलपं.
त्याने फोन उलटा केला, पंधरा आकडे वहीत उतरवले,
लहान मुलाला नाव विचारावं तसं विचारलं,
गोल की त्रिकोण?

मी खालच्या आवाजात सांगितलं.

तो हसला. म्हणाला,
पहिल्याने उद्या हप्ता चुकवला
तर फोन तिकडे मेला, इकडे नाही.
त्याचं कर्ज समुद्र ओलांडत नाही.
आणि आपल्याला, बाई, समुद्रच नाही.

चाळीस हजार तुगरुग. निम्मे आधी.
आकडे कुठून येतात?
एकजण पाठवतो.
कोण?
मी कधी पाहिला नाही. पैसे मात्र वेळेवर मागतो.

नऊ दिवस फोन उशाशी होता.
घड्याळ त्याचं नागोयाचंच, एक तास पुढे.
पहाटे डोळा उघडायचा, पाय सुयांच्या खोलीकडे निघायचे,
मग चुलीतल्या कोळशाचा वास यायचा
आणि मी पुन्हा झोपायचे, चोरासारखी.

दहाव्या दिवशी वीस आकडे आले.
बात्सोजने एकेक दाबला, ओठ हलवत.
आधी काहीच नाही.
मग कोपऱ्यात एक काडी उगवली, दुसरी,
मग चार.
मी आईला फोन लावला.
ती माझ्या शेजारीच उभी होती,
तरी खिशातून तिचा फोन काढून
हॅलो, कोण बोलतंय, म्हणाली.

एवढं सगळं सुटलं,
पण फोटो काढताना होणारा खट्ट आवाज गेला नाही.
तिकडे तो बंद करता येत नाही,
चोरून कोणी कोणाला टिपू नये म्हणून.
इकडे तरी बंद कर, मी म्हटलं.
बात्सोजने फोन कानाशी धरला, दोनदा खट्ट केलं.
याला कुलूप नाही, म्हणाला,
हा हाडातच आहे. याचे पैसे नको.

दर महिन्याच्या सत्तावीस तारखेला
मी फोनकडे बघते.
आज भरलास का रे, विचारते. किंवा भरलास का गं.
माझा काही संबंध नाही, हे मला कळतं.

परवा आई चुलीपाशी बसल्या बसल्या पेंगत होती,
तोंड थोडं उघडं, हातात चिमटा.
मी फोटो काढला.
खट्ट.
डोळे न उघडताच तिने विचारलं,
काय कापलंस?